बदक मरतच नाही! टीव्ही गेमची गन चालत नसेल तर उघडण्याआधी हे बघा

दर मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की हाच प्रश्न मला तीन-चार जण तरी विचारतात, म्हणून यावेळी बसून सगळं एका जागी लिहितोय. घर आवरताना माळ्यावरून नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम निघतो, तोच तो डबा, दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट आणि सोबत गन. पोरं हरखतात, बाप त्यांच्याहून जास्त हरखतो, हॉलमधल्या मोठ्या एलईडी टीव्हीला पिवळी-पांढरी वायर जोडली जाते, मारिओ मस्त चालतो, काँट्रा चालतो, आणि मग बदकाची गेम लावली की सगळा मूड जातो. ट्रिगर ओढला की आवाज येतो, स्क्रीन लुकलुकते, तिन्ही गोळ्या संपतात आणि बदक आरामात उडून जातं. अगदी टीव्हीला नळी टेकवून मारली तरी लागत नाही. मग घरात एकमत होतं की गन खराब झाली, आणि कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतं.

उघडू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गन धडधाकट होत्या, आणि ज्या खरंच बिघडल्या होत्या त्यातल्या काही तर घरी उघडल्यामुळेच बिघडल्या होत्या, कारण ट्रिगरची बारकी स्प्रिंग एकदा उडाली की सापडत नाही, आणि सेन्सरच्या दोन वायरी इतक्या नाजूक असतात की नुसत्या ओढीने तुटतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. या गनमधून काहीही बाहेर पडत नाही. लेझर नाही, टीव्हीच्या रिमोटसारखा न दिसणारा किरणही नाही. नळीच्या आत खोलवर एक भिंग आणि त्याच्यामागे उजेड ओळखणारा छोटासा सेन्सर, एवढंच. म्हणजे गन गोळी मारतच नाही, ती टीव्हीकडे बघते आणि डब्याला फक्त "आत्ता उजेड दिसतोय" किंवा "दिसत नाहीये" एवढं सांगते. बदक स्क्रीनवर कुठे आहे, आपला नेम डावीकडे होता की उजवीकडे, यातलं गनला काहीसुद्धा कळत नाही.

मग बदकाला लागली हे गेमला कळतं कसं? तर ट्रिगर ओढल्या ओढल्या गेम एका फ्रेमपुरती, म्हणजे टीव्हीवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांपैकी एका चित्रापुरती, सगळी स्क्रीन काळी करते. पुढच्या फ्रेमला बाकी सगळं काळंच ठेवून, बदक जिथे होतं तिथे फक्त एक पांढरा चौकोन काढते. काळ्या फ्रेमला गन म्हणाली अंधार आणि पांढऱ्या फ्रेमला म्हणाली उजेड, तर नेम चौकोनावर होता, बदक पडलं. दोन्ही वेळा अंधार असेल तर नेम हुकला. आणि काळ्या फ्रेमलाही उजेड दिसला तर गेमला समजतं की ही गन टीव्हीकडे नाही, कुठल्यातरी दिव्याकडे रोखली आहे, म्हणून तो शॉटही फुकट. दोन बदकांची गेम असेल तर चौकोन एकामागून एक येतात, एका फ्रेमला पहिल्या बदकाचा, पुढच्या फ्रेमला दुसऱ्याचा, आणि कोणत्या फ्रेमला उजेड दिसला यावरून कुठलं बदक पाडायचं ते ठरतं. डोकं काय चालवलंय बघा, गनला एक अक्षर जास्त कळत नसताना नुसत्या वेळेवरून हिशोब लावलाय. १९८४ साली निन्टेंडोने जपानमध्ये काढलेल्या डक हंटमध्ये हे असंच आहे, आणि आपल्याकडे मायक्रो जीनियस, लिटल मास्टर वगैरे नावांनी जे डबे घरोघरी आले त्यांच्या कॅसेटमध्येही हीच गेम होती.

मागच्या वर्षी भाच्याला हे पटत नव्हतं. "मामा, असं काही काळं-बिळं होत नाही, नुसतं लुकलुकतं." मग त्याच्याच मोबाईलवर स्लो मोशन लावलं, सेकंदाला २४० फ्रेमवालं, मोबाईल डब्बा टीव्हीसमोर, म्हणजे पिक्चर ट्यूबवाल्या जुन्या जाड टीव्हीसमोर, धरला आणि मी ट्रिगर ओढला. नंतर हळूहळू पुढे सरकवत बघितलं तर आधी निळं आकाश, मग पूर्ण काळोख, मग काळोखात एकच पांढरा चौकोन, आणि परत आकाश. आकाशाच्या फ्रेममध्ये टीव्हीवर एक उजळ पट्टा वरून खाली सरकताना पण दिसतो, तो पट्टा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय. हे एकदा जरूर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे पण नंतर बिघाड शोधताना आपण अंधारात चाचपडत नाही.

आणि हो, लहानपणी प्रत्येकाने हसणाऱ्या कुत्र्याला गोळ्या घालून बघितल्या आहेत, मीही घातल्या आहेत. तो मरत नाही याचं कारण पण हेच. घरच्या गेममध्ये कुत्र्याच्या जागी पांढरा चौकोन काढलेलाच नाही, त्यामुळे नेम कितीही बरोबर असो, गनला दिसण्यासारखं तिथे काही नसतंच.

आता बिघाडाकडे. पहिली तपासणी एकच आणि ती डोळ्यांनी करायची, ट्रिगर ओढल्यावर स्क्रीन लुकलुकते का? आणि खाली गोळ्या कमी होतात का? या एका गोष्टीवरून अर्धा निकाल लागतो. लुकलुकते, गोळ्या कमी होतात, म्हणजे ट्रिगर, वायर, पोर्ट, पाच व्होल्ट सप्लाय, बहुतेक सगळं ठीक आहे, गडबड फक्त "बघण्यात" आहे. लुकलुकतच नाही, गोळ्या तशाच, म्हणजे डब्याला ट्रिगरच पोचत नाहीये, मग टीव्ही कुठला आहे याचा विचार करायची सुद्धा गरज नाही.

लुकलुकतं पण लागत नाही, हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार, आणि त्यात दहातले नऊ जण एलईडी किंवा एलसीडी टीव्हीवर खेळत असतात. स्पष्टच सांगतो, त्या टीव्हीवर ही गन चालणार नाही. गन बदलून नाही, अडॅप्टर बदलून नाही, पडदे लावून अंधार करून पण नाही. दोन कारणं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी आहेत, एक सुटलं तरी दुसरं अडतं.

पहिलं कारण वेळ. आपल्याकडचे डबे पालच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीच्या, हिशोबाने सेकंदाला ५० फ्रेम देतात, म्हणजे एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. गेम पांढरा चौकोन बाहेर पाठवते आणि त्याच २० मिलिसेकंदात गनकडे उत्तर मागते. जुन्या डब्बा टीव्हीत आलेला सिग्नल साठवायची सोयच नव्हती, जसा वायरीतून आला तसा त्याच क्षणी पडद्यावर. एलईडी टीव्ही मात्र आधी पूर्ण फ्रेम मेमरीत घेतो, मोठी करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. यात दोन-तीन फ्रेम सहज जातात. म्हणजे चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमने "हुकला" म्हणून निकाल देऊन फाईल बंद केलेली असते. टीव्हीत गेम मोड असेल तर उशीर कमी होतो, आणि मला कित्येकांनी आनंदाने सांगितलंय की आता गेम मोड लावतो, पण त्याने हे पहिलंच कारण थोडं हलकं होतं, दुसरं तसंच राहतं.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे आणि इथे तो उजळ पट्टा येतो. डब्बा टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. मागून इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ काढत वरून खाली येतो, पालमध्ये सेकंदाला १५,६२५ ओळी, आणि झोत पुढे सरकला की मागची ओळ लगेच विझायला लागते. आपल्या डोळ्यांना ते अख्खं चित्र वाटतं कारण डोळे मंद आहेत. सेन्सर मंद नाही. नळीतून पांढऱ्या चौकोनाकडे बघताना त्याला स्थिर उजेड दिसत नाही, तर एकेका ओळीबरोबर उजेडाचे ठोके पडताना दिसतात, सेकंदाला साधारण पंधरा हजारांच्या वेगाने. निन्टेंडोच्या झॅपरमध्ये, म्हणजे या गेमच्या मूळ गनमध्ये, सेन्सरच्या मागे जे सर्किट आहे ते याच तालाला ट्यून केलेलं आहे. हा ताल असेल तरच उजेड मानायचा, नाहीतर सोडून द्यायचा. म्हणून खिडकीतलं ऊन, साधा बल्ब याने ती फसत नाही. एलईडी टीव्हीत झोतही नाही आणि तसले ठोकेही नाहीत, मागचा दिवा आपला सतत पेटलेला असतो, त्यामुळे समोर कितीही झगझगीत पांढरं दाखवा, सर्किटच्या मते तिथे काहीच नाही.

त्यामुळे पिवळ्या-पांढऱ्या वायरीचा सिग्नल नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला जोडणारे ते एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घेऊ नका. तीनदा सांगतोय कारण दुकानात सरळ "गन चालेल" म्हणून गळ्यात मारतात. तो कन्व्हर्टर बाकी गेमसाठी ठीक आहे, पण गनच्या बाबतीत उशिरात अजून भर घालतो. चालणारा उपाय एकच, डब्बा टीव्ही. भंगारवाल्याकडे, बंद पडलेल्या सलूनमध्ये, गावच्या घरी, कुठेतरी २१ इंची असतोच. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली तर अजून दिसतात. घेताना चालू करून बघा, आणि पिवळ्या-पांढऱ्या वायरीसाठी एव्ही इनपुट आहे ना ते बघा, नाहीतर आरएफच्या, म्हणजे अँटेनाच्या, वायरीवर चॅनेल शोधत बसावं लागतं.

"डब्बा टीव्ही आहे, तरी लागत नाही." हा प्रश्न आला की मी आधी टीव्हीच्या पुढच्या बाजूला कुठे १०० हर्ट्झ असं लिहिलंय का ते बघायला सांगतो. शेवटी शेवटी जे भारीतले फ्लॅट पिक्चर ट्यूबवाले टीव्ही निघाले, त्यावेळी लोकांनी चांगले पैसे मोजून घेतलेले २९ इंची वगैरे, त्यातले काही शंभर हर्ट्झचे आहेत. चित्र लुकलुकू नये म्हणून ते आत फ्रेम साठवून दुप्पट वेगाने दाखवतात. म्हणजे उशीर पण आला आणि ओळींचा ताल पण १५,६२५ वरून दुप्पट झाला. दिसायला डब्बा, पण गनसाठी एलईडीचाच भाऊ. त्याच्यावर वेळ घालवू नका, शेजाऱ्यांचा साधा चौदा इंची आणा, त्यावर लगेच लागेल.

साधा पन्नास हर्ट्झचा टीव्ही आहे आणि तरी हुकतंय, मग उजेड कमी पडतोय. वीस-पंचवीस वर्षं वापरलेली पिक्चर ट्यूब मंद होते, आपल्याला सवय झालेली असते म्हणून जाणवत नाही. टीव्ही पंधरा मिनिटं नुसता चालू ठेवा, ट्यूब तापू द्या, मग कॉन्ट्रास्ट पूर्ण वर न्या आणि ब्राइटनेस निम्म्याच्या थोडा पुढे. ब्राइटनेस अगदी शेवटाला नेऊ नका, कारण मग काळी फ्रेम काळी राहत नाही, राखाडी होते आणि गेमला वाटतं तुम्ही दिव्याकडे नेम धरलाय. भाच्याच्या टीव्हीवर नेमकं हेच झालं होतं, कोणीतरी दिसत नाही म्हणून ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवला होता, तो खाली आणला, कॉन्ट्रास्ट वर नेला आणि पुढच्याच शॉटला बदक पडलं. रिमोटची दोन बटणं फक्त. टीव्ही मात्र कुणीही उघडू नका, पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा पुरवठा असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो साठून राहतो, ते काम जुन्या मेकॅनिककडेच द्या.

अंतराचंही बघा. सहा फुटांच्या आसपास उभं राहायचं, चौदा इंची असेल तर अजून जवळ. फार लांब गेलात तर नळीच्या नजरेत पांढरा चौकोन छोटासा आणि आजूबाजूचा काळोखच जास्त, सेन्सरला पुरेसा उजेड मिळत नाही. एकदम चिकटून मारलं की लागायलाच पाहिजे असं लोकांना वाटतं, पण चिकटून धरल्यावर नळीला पडद्याचा अगदी छोटा तुकडा दिसतो, आपला हात जरा हलला की ती चौकोनाच्या बाहेरच बघते.

खोलीतले दिवे. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब आणि सीएफएल या सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही. गनचं सर्किट तालावर चालतं हे आपण बघितलं, तर असा दिवा समोर असेल किंवा टीव्हीच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडत असेल तर काळ्या फ्रेमलाही गन "उजेड" म्हणू शकते आणि सगळे शॉट बाद. माझ्याकडे दोन गन आहेत, त्यातली एक साध्या बल्बलाही फसते, म्हणजे तिच्यात तो तालाचा फिल्टर धड नाहीच, स्वस्तात बनवताना वगळला असणार. त्यामुळे तपासताना समोरचे दिवे बंद करून बघा, फरक पडला तर कारण सापडलं.

एवढं करूनही लागत नसेल तर आता भिंग. वीस वर्षं माळ्यावर, पावसाळ्याची दमट हवा, नळीत टॉर्च मारून बघितलं तर भिंगावर धूळ आणि कित्येकदा बुरशीचा पांढुरका थर दिसतो. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, काडी पोचत नसेल तरच गन उघडायची. आणि त्याच आयसोप्रोपिलने कॅसेटच्या पट्ट्या पण पुसून घ्या. कॅसेट फुंकायची सवय आपल्या सगळ्यांची, पण तोंडातल्या वाफेने त्या पट्ट्या उलट गंजतात.

आता दुसरी बाजू, स्क्रीन लुकलुकतच नाही. सगळ्यात आधी गन दुसऱ्या नंबरच्या पोर्टात आहे ना? डक हंट गनचं ऐकते ते दुसऱ्या पोर्टावर, पहिल्यात लावून दिवसभर ट्रिगर ओढलात तरी काही होणार नाही. काही डब्यांना गनसाठी वेगळा १५ पिनचा पोर्ट असतो, निन्टेंडोच्या मूळ जपानी डब्याला, फॅमिकॉमला, होता तसा, तिथे ती गन तिथेच. आणि एक धोक्याची सूचना, नऊ पिनचा प्लग दिसायला सारखा असला म्हणून कुठल्याही डब्याची गन कुठल्याही डब्याला लावू नका. वेगवेगळ्या क्लोन, म्हणजे नक्कल केलेल्या, डब्यांत कुठल्या पिनला काय जोडलंय ते बदलतं, सेगाची गनही नऊ पिनचीच असते पण आतून पूर्ण वेगळी. पाच व्होल्ट भलत्याच पिनवर गेले तर गन किंवा डबा, दोघांपैकी एक जातो. गन कुठल्या डब्यासोबत आली होती हे माहीत नसेल तर मीटरने पिना तपासल्याशिवाय चालू करू नका.

पोर्ट बरोबर आहे तर मग वायर. ही वायर जवळजवळ नेहमी एकाच जागी तुटते, मुठीच्या खाली जिथून बाहेर येते तिथे, कारण आपण सगळेच वायर गनला गुंडाळून ठेवायचो. मूठ घट्ट धरून तिथली वायर इकडेतिकडे वाकवत ट्रिगर ओढून बघा, मध्येच एखाद्या वेळी स्क्रीन लुकलुकली तर वायरच. आत एकूण चारच वायरी कामाच्या असतात, पाच व्होल्ट, ग्राउंड, ट्रिगर आणि उजेड. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की बीप वाजतो त्या खुणेवर) ठेवून प्लगच्या पिनेपासून आतल्या बोर्डापर्यंत एकेक तपासा. तुटलेली असेल तर तेवढा तुकडा कापून वायर दोन इंच आत घ्यायची आणि परत सोल्डर करायची, पण रंगांवर विसंबू नका, कुठली कुठे होती त्याचा मोबाईलवर आधी फोटो काढा.

वायर शाबूत आहे, मग ट्रिगरचा स्विच. ट्रिगरचा तो जोरदार टक आवाज स्प्रिंगचा असतो, स्विचचा नाही, त्यामुळे आवाज येतोय म्हणजे स्विच चालतोय असं समजू नका. कॉन्टॅक्टवर काळं चढलेलं असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-तीस वेळा ट्रिगर ओढणं, बऱ्याचदा तेवढ्याने सुरू होतो. नवीन मायक्रोस्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतो, फक्त मापाचा बघून घ्या.

गन उघडलीच आहे तर सेन्सर खरंच मेलाय का हे बघायची एक खात्रीची पद्धत सांगतो. डब्बा टीव्हीवर झगझगीत पांढरं चित्र लावा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी ग्राउंडला, लाल काडी उजेडाच्या वायरीला. नळीवर अंगठा ठेवा आणि आकडा बघा, मग अंगठा काढून टीव्हीकडे धरा. आकडा ठळक बदलला पाहिजे. वर जातो की खाली हे गनवर अवलंबून आहे, बदलतो का ते महत्त्वाचं. बदलतोय म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पुन्हा टीव्ही आणि दिव्यांकडे वळा. अजिबात हलत नाही म्हणजे सेन्सर तरी गेलाय किंवा बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेत. मी आधी कपॅसिटर बदलतो कारण ते स्वस्त आणि सोपं, आणि एवढ्या वर्षांत तेच पहिले जातात. सेन्सर बदलताना उलटा लावू नका, जुना काढायच्या आधी त्याची चपटी बाजू कुठे होती ते बोर्डावर पेनाने खूण करून ठेवा.

प्लेस्टेशनवाल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण तिथली गन वेगळ्या पद्धतीने चालते आणि वरचं सगळं तिथे लागू होत नाही. नामकोची गनकॉन, टाइम क्रायसिससोबत आलेली, ती फक्त हो-नाही सांगत नाही, ती जागा सांगते. झोत वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरतोय, तर चित्र सुरू झाल्यापासून किती वेळाने माझ्या नळीसमोर उजेड आला हे मोजलं की कितवी ओळ आणि ओळीत कुठे हे दोन्ही कळतं. पण चित्र कधी सुरू झालं हे कळायला तिला व्हिडिओ सिग्नल लागतो, म्हणून तिच्या वायरीला एक जास्तीचा पिवळा प्लग असतो, जो टीव्ही आणि प्लेस्टेशनच्या पिवळ्या वायरीच्या मध्ये लावायचा. माझ्याकडे आलेल्या गनकॉनच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या पिवळ्या प्लगच्या होत्या. जास्तीचा दिसतो म्हणून कोणीतरी तो मोकळाच सोडलेला असतो, आणि मग नेम धरायची सुरुवातीची स्क्रीनच पुढे जात नाही. तो लावा, कॅलिब्रेशन, म्हणजे त्या स्क्रीनवर नेम जुळवणं, परत करा. टीव्ही इथेही डब्बाच लागतो, कारण झोत नसेल तर मोजणार काय.

राहिला प्रश्न एलईडी टीव्हीवर गनची मजा हवीच असेल तर काय. जुनी गन त्याला लावायचा हट्ट सोडून द्यायचा. झोतावर न चालणाऱ्या नव्या गन आहेत. निन्टेंडोच्या वी (Wii) नावाच्या डब्याच्या रिमोटमध्ये पुढे कॅमेरा असतो आणि टीव्हीवर ठेवायच्या पट्टीत इन्फ्रारेड दिवे, त्यावरून तो नेम काढतो, त्यामुळे टीव्ही कुठलाही चालतो. त्याच्या पुढच्या वी यू (Wii U) डब्यावर तर २०१४ मध्ये डक हंट त्याच रिमोटवर खेळता येईल अशी आली होती. कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर सिंडेन नावाची गन आहे, तिच्यात कॅमेरा आहे आणि गेमभोवती पांढरी चौकट दाखवून ती चौकट कॅमेऱ्याने ओळखते. माझ्या हाताला मात्र अजून डब्बा टीव्हीसमोरचीच गन बसते, तो एका फ्रेमचा काळोख आणि लगेच पडणारं बदक, त्यात जराही उशीर नाही, ते दुसऱ्या कशात मला मिळालं नाही.

मला विचारायचं असेल तर "गन चालत नाही" एवढंच न सांगता एवढं सांगा: टीव्ही कुठला, त्यावर १०० हर्ट्झ लिहिलंय का, ट्रिगर ओढल्यावर स्क्रीन लुकलुकते का, गन कितव्या पोर्टात आहे आणि ती त्याच डब्यासोबत आलेली आहे का. आणि स्लो मोशनचा तो व्हिडिओ काढला असेल तर तोही पाठवा, निम्म्या वेळा त्यातच दिसून येतं.